माणिक की लाल स्पिनेल: ओळख पटवण्याच्या चाचण्या आणि त्यांचा योग्य क्रम

लाल खड्यावर अतिनील टॉर्चचा झोत टाकायचा, खडा निखाऱ्यासारखा पेटलेला दिसला की तो माणिक असल्याचे जाहीर करायचे आणि मोकळे व्हायचे, ही चूक नवशिक्यांकडूनच नव्हे, तर बरीच वर्षे खडे हाताळणाऱ्यांकडूनही होते. लाल स्पिनेलही त्याच झोतात तसेच पेटते. चेल्सी फिल्टरमधून, म्हणजे खडे तपासायच्या रंगीत काचेतून, पाहिले तरी दोन्ही लालच दिसतात. नुसत्या रंगावरून निवाडा करणे तर त्याहून धोक्याचे आहे, कारण गुलाबी छटेपासून गडद लालपर्यंतच्या बहुतेक सगळ्या छटा दोघांतही सापडतात.

दोन्ही खड्यांना लाल रंग येतो तो क्रोमियममुळे. माणिक म्हणजे कुरुविंद, अर्थात ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. स्पिनेल म्हणजे मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम यांचे मिळून बनलेले ऑक्साइड. आणि दोन्हींत ॲल्युमिनियमच्या काही जागा क्रोमियमने घेतलेल्या असतात. त्यामुळे ज्या चाचणीचा कौल केवळ क्रोमियमवर ठरतो, ती चाचणी दोघांबद्दल एकच उत्तर देते. खरा फरक स्फटिकरचनेत आहे. माणकाची रचना त्रिकोणी प्रणालीतली असल्याने त्यात शिरणारा प्रकाश दोन किरणांत विभागला जातो; स्पिनेलची रचना घनीय असल्याने त्यात तो एकसंध राहतो. कोणतेही उपकरण हाती घेण्याआधी ते क्रोमियमबद्दल सांगणार आहे की स्फटिकरचनेबद्दल, एवढे स्वतःशी स्पष्ट केले, तर निम्म्या चुका तिथेच टळतात.

आधी हाताशी असावेत असे आकडे

| गुणधर्म | माणिक | लाल स्पिनेल |
|---|---|---|
| अपवर्तन | दुहेरी | एकेरी |
| अपवर्तनांक (खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) | १.७६२ ते १.७७० | साधारण १.७१८ |
| दोन वाचनांतील फरक | ०.००८ | नाही |
| विशिष्ट गुरुत्व | ४.०० | ३.६० |
| मोह्स काठिण्य | ९ | ८ |
| दिशेनुसार रंगबदल | स्पष्ट | नाही |

काठिण्याचा आकडा माहितीपुरता आहे. ओरखडा काढून पाहणे ही पैलू पाडलेल्या खड्याची चाचणी नव्हे. त्यातून खड्याचे नुकसान नक्की होते आणि निष्कर्ष मात्र संशयास्पदच राहतो. काही जण स्पिनेलच्या तुकड्यावर खडा घासून "९ आहे की नाही" हे ठरवू पाहतात. दाब कमी पडला, खड्याची कड झिजलेली असली किंवा घासल्याची पूड ओरखड्यासारखी दिसली, तर उत्तर उलटे येते.

तयारी

खडा स्वच्छ करणे हे काम क्षुल्लक वाटते, पण बोटांवरचा तेलकटपणा पैलूवर राहिला तर रिफ्रॅक्टोमीटरवरची, म्हणजे अपवर्तनांक मोजणाऱ्या उपकरणातली, उजेड आणि सावली यांच्यामधली कड धूसर होते, आणि धूळ राहिली तर भिंगाखाली ती आतली खूण वाटते. तंतू न सोडणारे मऊ कापड अल्कोहोलने किंचित ओले करून खडा पुसावा आणि त्यानंतर शक्यतो चिमट्यानेच उचलावा. भेगांमध्ये काच भरलेली माणके बाजारात मोठ्या प्रमाणावर असतात. अशा खड्यातील भराव आम्लाने खराब होतो, म्हणून ओळख पटण्याआधी खडा कोणत्याही आम्लात किंवा अल्ट्रासॉनिक यंत्रात टाकू नये.

लागणारी साधने अशी: दहापट भिंग, पोलॅरिस्कोप (दोन ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारे फिल्टर, असलेले उपकरण), कॅल्साइटचा डायक्रोस्कोप, ध्रुवक फिल्टरसह रिफ्रॅक्टोमीटर आणि त्याचे संपर्कद्रव (खडा आणि उपकरणाची काच यांच्यामध्ये घालायचे), ०.०१ कॅरटपर्यंत वजन दाखवणारा काटा, आणि मिळाल्यास हातातला स्पेक्ट्रोस्कोप (खड्यातून आलेल्या प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारा). सगळी नसली तरी चालेल. भिंग आणि रिफ्रॅक्टोमीटर ही दोन मात्र असलीच पाहिजेत, असे माझे मत आहे. बाकीची साधने या दोघांनी सांगितलेल्याची खातरजमा करतात.

काम सुरू करण्यापूर्वी रिफ्रॅक्टोमीटर एखाद्या ओळखीच्या खड्यावर तपासून घ्यावा. स्वच्छ स्फटिक, म्हणजे क्वार्ट्‌झ, त्यासाठी सोयीचे आहे: त्याची वाचने १.५४४ आणि १.५५३ येतात. उपकरण त्यापेक्षा ०.००२ने वर दाखवत असेल, तर पुढच्या प्रत्येक वाचनातून तेवढे वजा करायचे, हे वहीत आधीच लिहून ठेवावे.

टप्पा १: भिंगाखाली पाहणी

पहिला टप्पा भिंगाचा ठेवण्यामागे कारण आहे. पुढच्या चाचण्या ज्या पैलूवर किंवा ज्या दिशेने करायच्या, ती निवड इथेच होते. शिवाय खडा मुळात एकसंध आहे की वर एक आणि खाली दुसरे असा जोडखडा आहे, हेही इथेच कळते. जोडखड्यावर रिफ्रॅक्टोमीटर केवळ वरच्या तुकड्याचा आकडा सांगतो. त्यामुळे खडा पाण्यात बुडवून बाजूने पाहावा आणि वरच्या व खालच्या भागांच्या मध्ये सांध्याची सरळ रेघ, चपटे बुडबुडे किंवा चकाकीतला फरक दिसतो का, हे तपासावे.

त्यानंतर आतल्या खुणा पाहाव्यात. माणकात रुटाइल या खनिजाच्या बारीक सुया एकमेकींना ६० आणि १२० अंशांच्या कोनांत छेदताना दिसतात. त्यांच्या दाट समूहाला रेशीम म्हणतात. रंगाचे सरळ, कोनात वळणारे पट्टे आणि भरून आलेल्या भेगांच्या बोटांच्या ठशांसारख्या जाळ्या याही माणकात नेहमीच्या. स्पिनेलची सर्वांत बोलकी खूण म्हणजे अष्टफलक: दोन पिरॅमिड तळाला तळ लावून जोडावेत तशा आकाराचे सूक्ष्म स्फटिक किंवा तशाच आकाराच्या पोकळ्या. त्या कधी एकट्यादुकट्या असतात, तर कधी ओळीने मांडल्यासारख्या एका प्रतलात पसरलेल्या असतात. ही ओळ कमी वर्धनाखाली माणकातल्या जाळीसारखीच भासते, आणि नेमकी इथे फसगत होते. जाळी दिसली म्हणून थांबू नये. जाळीचा प्रत्येक ठिपका गोलसर आहे की टोकदार, हे पाहावे. दहापट भिंगाने ते दिसत नसेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली तीस-चाळीस पटींनी पाहावे.

वरच्या पैलूतून खालच्या पैलूंच्या कडांकडे पाहिल्यास माणकात त्या कडा किंचित दुहेरी दिसू शकतात. माणकातला ०.००८चा फरक लहान असल्याने छोट्या खड्यात ही दुहेरी कड दिसेलच असे नाही. दिसली, तर खडा स्पिनेल नाही. दिसली नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही.

*पडताळणी:* खडा किती स्वच्छ आहे, कोणत्या दिशेने तो सर्वांत पारदर्शक आहे आणि कोणता पैलू सपाट व ओरखडाविरहित आहे, या तीन गोष्टी वहीत लिहून झाल्या असतील तरच पुढे जावे.

टप्पा २: पोलॅरिस्कोप

वरचा ध्रुवक फिरवून मधला भाग पूर्ण काळा करावा, म्हणजे दोन्ही ध्रुवक एकमेकांना काटकोनात येतात. मग खडा मध्ये धरून पूर्ण ३६० अंश फिरवावा. माणिक या फेरीत चार वेळा उजळते आणि चार वेळा काळे होते. स्पिनेल फेरीभर काळेच राहते.

एवढे सोपे असूनही या टप्प्यावर दोन्ही बाजूंनी चुका होतात. पहिली चूक म्हणजे खडा एकाच स्थितीत, बहुधा टेबलवर म्हणजे माथ्याच्या मोठ्या सपाट पैलूवर उपडा ठेवून, तेवढ्यावरच निकाल देणे. माणकात एक दिशा अशी असते की तिच्या रेषेत प्रकाश विभागला जात नाही. तिला प्रकाशीय अक्ष म्हणतात. चांगला रंग मिळावा म्हणून माणकाचे टेबल पुष्कळदा या अक्षाला काटकोनात पाडलेले असते. अशा खड्याकडे टेबलमधून पाहिले की तो स्पिनेलसारखाच काळा राहतो. म्हणून खडा टेबलवर, मग कंबरेच्या, म्हणजे खड्याच्या सर्वांत रुंद भागाच्या, कडेवर आणि मग त्याच कडेवर सुमारे ९० अंश वळवून, अशा किमान तीन स्थितींत फिरवून पाहावा.

दुसरी चूक उलट दिशेची. स्पिनेलमध्ये अंतर्गत ताण असेल तर ते पूर्ण काळे न राहता त्यात सरपटणारे पट्टे किंवा पुसट क्रॉस दिसतो, आणि घाईत त्याला दुहेरी अपवर्तन समजले जाते. संशय आल्यास खडा जास्तीत जास्त उजळ दिसेल त्या स्थितीत स्थिर धरावा आणि वरचा ध्रुवक फिरवून खालच्याशी समांतर करावा. खडा पहिल्यापेक्षा ठळकपणे उजळला, तर ती ताणामुळे झालेली फसवी चमक आहे आणि अपवर्तन एकेरी आहे. खडा तेवढाच राहिला किंवा काळवंडला, तर अपवर्तन दुहेरी आहे.

*सावधान:* भेगांनी भरलेला किंवा काच भरलेला खडा फेरीभर उजळच राहू शकतो. असा निकाल वहीत "अनिर्णीत" म्हणूनच लिहावा. ओढूनताणून त्याचा अर्थ लावू नये.

टप्पा ३: डायक्रोस्कोप

या छोट्या नळीतून पाहिले की खड्याच्या एकाच भागाच्या दोन प्रतिमा शेजारी शेजारी दिसतात. माणकात एका चौकटीत जांभळट लाल आणि दुसरीत नारिंगीकडे झुकणारा लाल रंग दिसतो. स्पिनेलमध्ये दोन्ही चौकटी तंतोतंत एका रंगाच्या असतात.

प्रकाश पांढरा, पसरट आणि अध्रुवित असावा. मोबाइलचा किंवा संगणकाचा पडदा उजळ करून त्याच्यासमोर खडा धरण्याची सवय अनेकांना असते. परंतु अशा पडद्यांमधून येणारा प्रकाश बहुधा ध्रुवित असतो, त्यामुळे स्पिनेलमध्येही एक चौकट उजळ आणि दुसरी काळपट दिसते. काचेवरून परावर्तित झालेला प्रकाशही याच कारणाने टाळावा. साध्या दिव्यासमोर पांढरा कागद धरून त्यामागून येणारा प्रकाश वापरला, तर ही अडचण राहत नाही.

दोन चौकटींत फरक दिसला की नळी तिच्या अक्षाभोवती हळूहळू ९० अंश फिरवावी. फरक खरा असेल तर दोन्ही रंग आपापल्या जागा बदलतात. रंग जागचे हलले नाहीत, तर खड्यातल्या रंगाच्या पट्ट्यांमुळे फसगत झाली आहे. कॅल्साइटऐवजी ध्रुवक फिल्मचे दोन तुकडे जोडून बनवलेल्या स्वस्त डायक्रोस्कोपात ही फसगत जास्त होते, कारण त्यातल्या दोन चौकटी खड्याचे दोन वेगळे भाग दाखवतात.

आणि इथेही तोच प्रकाशीय अक्ष आडवा येतो. टेबलमधून पाहिल्यास माणकाचे दोन रंग दिसणार नाहीत, ही शक्यता चांगलीच मोठी असते. कंबरेच्या कडेतून, म्हणजे बाजूने पाहिले की तेच रंग ठळक होतात.

या मुद्द्यावर थोडे थांबणे गरजेचे आहे. समजा, एखाद्याने खडा सतत टेबलमधूनच पाहिला. भिंगाखाली कडा दुहेरी दिसल्या नाहीत, पोलॅरिस्कोपमध्ये खडा काळा राहिला, डायक्रोस्कोपमध्ये एकच रंग आला. तीन चाचण्यांनी एकमुखाने स्पिनेल सांगितले, म्हणून त्याने वहीत स्पिनेल लिहिले आणि खडा माणिक निघाला. ते तीन पुरावे नव्हते. एकाच दिशेने घेतलेला तो एकच पुरावा तीन उपकरणांनी पुन्हा पुन्हा दाखवला होता. दिशा बदलल्याशिवाय या तीन चाचण्या एकमेकींना दुजोरा देऊ शकत नाहीत.

टप्पा ४: रिफ्रॅक्टोमीटर

वर सांगितलेल्या फसगतीतून सुटका करणारे उपकरण हेच आहे. टेबल प्रकाशीय अक्षाला काटकोनात असले, तरी या उपकरणात प्रकाशाचा संबंधित किरण पैलूच्या पृष्ठभागाला लागून, म्हणजे अक्षाला आडवा जातो. त्यामुळे जिथे पोलॅरिस्कोप आणि डायक्रोस्कोप गप्प बसतात, नेमक्या त्याच टेबलवर रिफ्रॅक्टोमीटर दोन्ही कडा अगदी वेगळ्या दाखवतो.

क्रम असा ठेवावा:

१. उपकरणाची काच अल्कोहोलने पुसावी. ही काच मऊ असते आणि दोन्ही खडे तिच्यापेक्षा कितीतरी कठीण असल्याने तिच्यावर खडा चिमट्याने ठेवणे किंवा घासत ओढणे टाळावे. एक ओरखडा पडला की त्यानंतरचे प्रत्येक वाचन बिघडते.

२. संपर्कद्रवाचा सुमारे दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब काचेच्या मध्यभागी ठेवावा. थेंब मोठा झाला तर खडा तरंगतो आणि कड तिरकी दिसते. फार लहान झाला तर कडच उमटत नाही. हे द्रव विषारी आहे. ते त्वचेला लागू देऊ नये आणि काम हवेशीर जागी करावे.

३. खडा बाजूच्या धातूच्या पट्टीवर टेबल खाली करून ठेवावा आणि बोटाने हलकेच थेंबावर सरकवावा.

४. पिवळा, ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरावा. पांढऱ्या प्रकाशात कडेऐवजी इंद्रधनुषी पट्टा दिसतो आणि तिसऱ्या दशांशस्थानाचा अंदाज चुकतो. माणकातला सगळा फरकच तिसऱ्या दशांशात आहे.

५. नेत्रिकेवर ध्रुवक फिल्टर ठेवून तो ९० अंशांपर्यंत पुढेमागे फिरवावा. कड दोन जागांमध्ये उडी मारत असेल, तर दोन्ही आकडे लिहावेत.

६. खडा न उचलता सुमारे ३० अंश फिरवावा आणि पुन्हा दोन्ही आकडे लिहावेत. असे १८० अंशांपर्यंत करावे.

माणकात वरचा आकडा १.७७०च्या जवळ स्थिर राहतो. खालचा आकडा टेबलच्या दिशेनुसार १.७६२ आणि १.७७० यांच्या दरम्यान हलतो किंवा १.७६२लाच स्थिर राहतो. एखाद्या स्थितीत दोन्ही कडा एकत्र येऊन एकच दिसते. खडा न फिरवता तेवढेच वाचन घेतले, तर अपवर्तन एकेरी असल्याचा ग्रह होतो. स्पिनेलमध्ये मात्र खडा कितीही फिरवला, फिल्टर कसाही फिरवला, तरी कड एकाच जागी, साधारण १.७१८ला राहते, क्रोमियम जास्त असलेल्या लाल खड्यात ती थोडी वर सरकते.

*सावधान:* पट्टीवर १.८०च्या आसपास एक पुसट कड नेहमीच दिसते. ती द्रवाची स्वतःची कड आहे, खड्याची नव्हे. माणकाची कड तिच्या फार लांब नसल्याने दोहोंची गल्लत होते. खडा ठेवण्याआधी नुसत्या द्रवाची कड कुठे आहे, हे एकदा पाहून ठेवावे.

पैलूंऐवजी गोलाकार घाट असलेल्या खड्यावर कड स्पष्ट उमटत नाही. तिथे नेत्रिकेवरचे भिंग काढून, डोळा सुमारे ३० सेंटिमीटर मागे नेऊन थेंबाचा ठिपका पाहावा. ठिपका अर्धा काळा आणि अर्धा उजळ दिसतो तो आकडा म्हणजे अंदाजे अपवर्तनांक. या पद्धतीत तिसरा दशांश मिळत नाही, पण १.७२ आणि १.७७ यांत भेद करायला दुसरा दशांश पुरतो.

*पडताळणी, आणि ती टाळू नये:* कड एकेरी आहे पण आकडा १.७४ ते १.७९ यांच्या दरम्यान आहे, असे झाले तर खडा या दोघांपैकी नसून गार्नेट, म्हणजे तिसरेच लाल खनिज, असण्याची दाट शक्यता आहे. रोडोलाइट गार्नेटचा आकडा १.७६च्या जवळ येतो. आकड्याकडे पाहून त्याला माणिक म्हणणारे आणि एकेरी कडेकडे पाहून स्पिनेल म्हणणारे, दोघेही चुकतात. आकडा आणि कडेचे वर्तन या दोन्ही गोष्टी एकत्र वाचायच्या असतात.

टप्पा ५: विशिष्ट गुरुत्व

खडा सुटा असेल आणि दोन कॅरटपेक्षा मोठा असेल तरच हा टप्पा करावा. त्याहून लहान खड्यावर मेहनत वाया जाते, याचा हिशेब सरळ आहे. ०.३० कॅरटचे माणिक सुमारे ०.०७५ कॅरट वजनाचे पाणी बाजूला सारते, तेवढ्याच वजनाचे स्पिनेल ०.०८३ कॅरट. ०.०१ कॅरटचा काटा या दोघांत भेद करूच शकत नाही.

सोपी पद्धत अशी: खड्याचे हवेतले वजन घ्यावे. मग काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणावा. खडा अतिशय बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा भिंतीला टेकणार नाही, असा वरून लोंबता धरावा. दोरा हाताने धरल्यास आकडा थरथरतो, म्हणून तो एखाद्या स्टँडला बांधावा. काट्यावर आता जो आकडा दिसेल तो खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन आहे. हवेतल्या वजनाला त्याने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. ५.२० कॅरटच्या खड्याने १.३० दाखवले, तर उत्तर ४.००, म्हणजे माणिक. त्याच वजनाच्या खड्याने १.४४ दाखवले, तर उत्तर सुमारे ३.६१, म्हणजे स्पिनेल.

हवेचे बुडबुडे हा इथला मुख्य शत्रू आहे. खड्याला चिकटलेला एक बुडबुडा बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन वाढवतो आणि माणकाचे उत्तर स्पिनेलकडे ओढतो. पाणी आधी उकळून थंड केलेले असावे, त्यात भांडी धुण्याच्या द्रवाचा एखादा थेंब टाकावा आणि बुडवलेला खडा भिंगाने पाहून घ्यावा. वजन तीनदा घेऊन सरासरी काढावी.

डायआयोडोमिथेनसारखे जड द्रव इथे कामाचे नाही. त्याचे विशिष्ट गुरुत्व ३.३२ असल्याने त्यात दोन्ही खडे बुडतात.

टप्पा ६: वर्णपट, आणि अतिनील प्रकाशाची योग्य जागा

स्पेक्ट्रोस्कोप वापरायची सवय असेल तर तो निर्णायक ठरतो. यात दिसणाऱ्या रेषा क्रोमियमच्याच असतात, परंतु क्रोमियम कोणत्या स्फटिकात बसला आहे त्यानुसार त्यांची मांडणी बदलते. म्हणून सुरुवातीला सांगितलेला नियम इथे मोडत नाही. माणकात लाल भागाच्या टोकाला, ६९२.८ आणि ६९४.२ नॅनोमीटरला, एकमेकींना इतक्या खेटून दोन रेषा असतात की हातातल्या उपकरणात ती एकच ठळक, बहुधा चमकती रेष वाटते. मध्ये पिवळ्या-हिरव्या भागात रुंद काळा पट्टा असतो आणि निळ्या भागात ४६८.५, ४७५ व ४७६.५ नॅनोमीटरला बारीक काळ्या रेषा दिसतात. स्पिनेलमध्ये लाल भागात एकाऐवजी बारीक रेषांचा झुपका असतो आणि निळ्या भागात या रेषा मुळीच नसतात. निळ्या रेषा शोधणे हेच मुख्य काम. त्यासाठी खोली अंधारी असावी आणि प्रकाश तीव्र असावा. खडा फार गडद असेल तर प्रकाश त्याच्या पातळ भागातून न्यावा.

अतिनील टॉर्च शेवटी काढावी. लांब तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशात माणिक आणि लाल स्पिनेल दोन्ही लाल चमकतात. लोह जास्त असलेले माणिक मंद चमकते. गार्नेट सहसा चमकत नाही. म्हणजे टॉर्चचा उपयोग माणिक आणि स्पिनेल यांच्यात निवड करण्यासाठी नसून, एकेरी कड आणि १.७४च्या जवळपासचा आकडा मिळाल्यावर क्रोमियमयुक्त स्पिनेल की गार्नेट, या प्रश्नासाठी आहे. मी तरी हे साधन टेबलाच्या खणात ठेवणेच पसंत करतो. समोर दिसले की हात आधी त्याच्याकडे जातो आणि पुढच्या सगळ्या चाचण्या मनाने आधीच दिलेल्या उत्तराच्या मागे धावतात.

खडा दागिन्यात जडवलेला असेल तर

विशिष्ट गुरुत्व बाद. पोलॅरिस्कोपचाही उपयोग क्वचितच होतो, कारण खालून धातू प्रकाश अडवतो. टेबल नखांच्या वर आलेले असेल तर रिफ्रॅक्टोमीटर चालतो, मात्र धातूचे नख काचेला टेकणार नाही याची काळजी घ्यावी. डायक्रोस्कोप आणि स्पेक्ट्रोस्कोप उघड्या जडावात बाजूने प्रकाश देऊन वापरता येतात. मागे रंगीत पत्रा किंवा बंद बैठक असेल, तर खड्याचा रंगही खड्याचा आहे असे गृहीत धरू नये. अशा वेळी भिंगाखालचे अष्टफलक किंवा रेशीम हाच बहुधा सर्वांत भक्कम आधार उरतो.

निकाल लिहिताना

एक मोजलेला आकडा आणि एक दिशा बदलून तपासलेले प्रकाशीय वर्तन, असे किमान दोन स्वतंत्र पुरावे जुळल्याशिवाय नाव लिहू नये. ते जुळत नसतील तर खड्याला दोष देण्याआधी पुढील नेहमीच्या कारणांचा विचार करावा.

रिफ्रॅक्टोमीटरवर १.७६२ आणि १.७७० आले, पण पोलॅरिस्कोपमध्ये खडा काळाच राहिला: खडा प्रकाशीय अक्षाच्या दिशेने पाहिला गेला आहे, तो बाजूने पाहावा.

कड १.७१८ला स्थिर आहे, पण पोलॅरिस्कोपमध्ये खडा उजळतो: ताणामुळे आलेली चमक, दुसऱ्या टप्प्यात दिलेली समांतर ध्रुवकांची तपासणी करावी.

आकडे माणकाचे आहेत, पण विशिष्ट गुरुत्व ३.८ आले: बुडबुडे, टेकलेला दोरा किंवा फार लहान खडा, शिवाय भेगांमध्ये मोठ्या प्रमाणावर काच भरलेली असू शकते. खडा हलवताना भेगांत निळसर चमक आणि चपटे बुडबुडे दिसतात का, हे पाहावे.

कड एकेरी असून १.७२८ला आहे: ज्वालेत वितळवून बनवलेल्या कृत्रिम स्पिनेलचा हा नेहमीचा आकडा आहे, आणखी तपासल्याशिवाय खडा नैसर्गिक स्पिनेल म्हणून लिहू नये.

शेवटच्या उदाहरणातून निघणारी मर्यादा माणकालाही लागू पडते. कारखान्यात बनवलेल्या माणकाचे अपवर्तनांक, विशिष्ट गुरुत्व, दोन रंग आणि वर्णपट हे सगळे नैसर्गिक माणकासारखेच असतात, कारण रसायन आणि रचना तीच असते. वरचे सहा टप्पे खडा कोणत्या खनिजाचा आहे एवढेच सांगतात. तो जमिनीतून आला की भट्टीतून, याचे उत्तर पुन्हा भिंगाखालीच शोधावे लागते: वक्र वाढरेषा आणि गोल बुडबुडे दिसले तर ज्वालापद्धतीचे कृत्रिम माणिक. हा प्रश्न सुटेपर्यंत वहीत फक्त "कुरुविंद, लाल" असे लिहावे, आणि घेतलेली वाचने, वापरलेला पैलू व पाहिलेल्या दिशा त्याच ओळीत नोंदवाव्यात, म्हणजे प्रयोगशाळेत खडा पाठवायची वेळ आली तर काय तपासून झाले आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.